पुरुमेंत आणि परवाना : हरमल ते डिचोली, बुडालेले रोजगार आणि छोट्या धंद्यांचा इतिहास

गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेल्या पेडणे तालुक्यातील हरमल हे गाव आज देशोदेशीच्या पर्यटकांचा मुक्काम म्हणून ओळखले जात असले, तरी तेथील मासेमारी, डोंगरउतारावरची मिरची, जत्रांमधली दुकाने आणि किनाऱ्यावरचे शॅक या सगळ्यांचे वर्ष पावसाळ्याने दोन भागांत कापलेले असते, आणि गावाच्या आर्थिक इतिहासाचे आकलन या कापलेल्या वर्षापासूनच सुरू करावे लागते. जून लागला की समुद्र खवळतो, होड्या वाळूवर ओढल्या जातात, शॅक उतरवले जातात आणि अनेक घरांतील कमावते हात मोकळे होतात. हा रिकामपणा दरवर्षी येतो आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास, समुद्राला नारळ अर्पण झाल्यावर, ओसरू लागतो. रोजगार जाणे ही या किनाऱ्याला नवी गोष्ट नव्हती. परंतु तो केव्हा परत येणार हे ठाऊक असे, आणि त्या खात्रीवरच बचतीचे, उधारीचे व जोडधंद्याचे सारे व्यवहार उभे होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलेल्या रोजगारनाशाच्या लाटांनी ही परतीची तारीखच पुसली. अशा वेळी छोटा धंदा कशाच्या आधारावर उभा राहिला आणि कशामुळे कोसळला, याचा मागोवा हरमलपासून खाणपट्ट्यातील डिचोलीपर्यंत घेता येतो.

पावसाळ्याची बेगमी

पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांसाठी केलेल्या साठवणीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून तो कोकणीत रुळला असून मराठीतील ‘बेगमी’ हा त्याचा जवळचा पर्याय आहे. सुके बांगडे, सुकी सुंगटे, जाडे मीठ, आमसुले, कांद्याच्या माळा, नारळ आणि सुक्या मिरच्या हा पुरुमेंताचा ऐवज एप्रिल-मे महिन्यांत घरोघर भरला जातो, आणि त्याची मोठी उलाढाल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात होते. पेडणे तालुक्यातील आगरवाडा या गावाच्या नावातच मिठागराचा वाचक असलेला ‘आगर’ हा शब्द आहे. हरमलची मिरची तर गावाच्याच नावाने विकली जाते. लोणच्याला आणि मसाल्याला चालणाऱ्या या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, प्राप्त झाले.

पुरुमेंताकडे केवळ घरगुती साठवण म्हणून पाहिले, तर त्याची दुसरी बाजू निसटते. खळ्यात वाळवलेल्या मिरच्यांपैकी घरापुरत्या बाजूला काढून उरलेल्या बाजारात नेणाऱ्या बाईच्या हातून बेगमी आणि विक्री ही दोन्ही कामे एकाच टोपलीत होत असत. दर चांगला आला तर विकायचे, पडला तर घरी खायचे, हा तिचा हिशेब भांडवलाच्या दृष्टीने क्षुल्लक असला, तरी धोका पेलण्याच्या दृष्टीने फार शहाणपणाचा होता, कारण न विकलेला मालही वाया जात नसे आणि त्यासाठी कोणाचे व्याजही भरावे लागत नसे.

अशा मिश्र उपजीविकेला जमिनीच्या इतिहासाचीही पार्श्वभूमी आहे. डिचोली आणि सत्तरी हे महाल १७८१-८२ च्या सुमारास, तर पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले, आणि ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलुखात त्यांची गणना झाली. पेडण्यात मोकासा, म्हणजे सेवेच्या मोबदल्यात गावाचा महसूल नेमून देण्याची जुनी पद्धत, पोर्तुगीज राजवटीतही टिकून राहिली. त्यामुळे कसणारे हात एकाचे आणि जमिनीवरचा हक्क दुसऱ्याचा, अशी स्थिती अनेक गावांत होती. गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आणि कुळांना मालकी देणारी १९७६ ची पाचवी दुरुस्ती येईपर्यंत केवळ शेतीवर विसंबणे बहुतेक कुळांना परवडणारे नव्हते. भाताला मासळीची, मासळीला माडाची आणि माडाला मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीची जोड देत घर चालवणे ही त्यामुळे या भागाची रीतच झाली.

या रीतीत छोट्या धंद्याची पहिली शाळा होती ती जत्रा. पेडण्याची पुनव, शिरगावच्या लईराई देवीची वैशाखातील जत्रा आणि गावोगावचे कालोत्सव यांत एका रात्रीपुरते दुकान मांडणारे खाजेकार आजही दिसतात. खाजे म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर आले आणि तीळ घातलेल्या गुळाचा पाक चढवून केलेली मिठाई. हरमलच्या मिरचीप्रमाणे तिलाही २०२१ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले. खाजेकाराला पक्के दुकान लागत नाही, भाड्याचा करार लागत नाही आणि एका जत्रेत पाऊस आला तर पुढची जत्रा असतेच. गिऱ्हाईक जिथे जमते तिथे आपण जायचे, हा या धंद्याचा पाया पुढे किनाऱ्यावरच्या व्यवसायांतही दिसतो.

रापणीचा वाटा

किनाऱ्यावरचा मुख्य उद्योग होता रापण. कोकणीत ‘रांपण’ म्हटल्या जाणाऱ्या या पद्धतीत एका लांबलचक जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी उरलेले जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडत फिरते आणि दुसरे टोक काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगा दोर ओढत हळूहळू एकमेकींकडे सरकतात आणि बांगडा-तारल्यांनी फुगलेले जाळ्याचे पोट वाळूवर येते. जाळे आणि होडी ज्याची त्याचे ठरलेले वाटे काढल्यावर उरलेली मासळी दोर ओढणाऱ्यांत वाटली जाई. या ‘वाट्या’चे वैशिष्ट्य असे, की किनाऱ्यावर येऊन दोराला हात लावणाऱ्या माणसाला, त्याची स्वतःची होडी नसली तरी, त्या दिवशीच्या जेवणापुरते काहीतरी मिळत असे. नोकरी या शब्दाला आज जो अर्थ आहे तो तेथे नव्हता, आणि म्हणून नोकरी जाण्याचाही प्रश्न नव्हता. गावात असणे आणि हजर राहणे हीच पात्रता होती.

मुक्तीनंतर मासेमारीच्या यांत्रिकीकरणाला सरकारी प्रोत्साहन मिळाले आणि ट्रॉलर, म्हणजे तळापर्यंत जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, किनाऱ्यालगतच्या पाण्यातही मासेमारी करू लागल्या. रापणीत येणारी मासळी किनाऱ्याकडे पोहोचण्याआधीच उचलली जाऊ लागली. १९७०च्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या आंदोलनाची मागणी नेमकी होती : किनाऱ्यालगतचा पाण्याचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवावा. १९८० च्या गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायद्याने अशा राखीव पट्ट्याला कायद्याचे रूप दिले. तथापि हक्क कागदावर मिळेपर्यंत अनेक रापणींची माणसे पांगलेली होती, कारण पन्नास-साठ माणसांचा सामुदायिक उद्योग मासळी घटली की वाट्याने लहान होत नाही, तो एकदम मोडतो; वाटा पोटापुरता उरला नाही की दोर ओढायला माणसे येत नाहीत, आणि माणसे आली नाहीत की जाळे बाहेर काढता येत नाही.

ज्यांची रापण मोडली त्यांच्याकडे उरले काय, याचा विचार केला असता पुढच्या काळाचा उलगडा होतो. त्यांच्याकडे शिल्लक भांडवल नव्हते आणि शिक्षणही बेताचे होते. मात्र समुद्राला लागून असलेले घर, होडी चालवण्याचे कसब आणि वाड्यावरची ओळख या तीन गोष्टी शाबूत होत्या.

खोली, होडी आणि शॅक

१९६०च्या दशकाच्या अखेरीपासून कळंगुट आणि हणजुणे येथे मुक्काम ठोकणारे हिप्पी, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील चाकोरीबद्ध जीवन नाकारून निघालेले तरुण प्रवासी, तेथील गर्दी वाढताच शापोरा ओलांडून उत्तरेकडे सरकले. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल होईपर्यंत ही नदी फेरीबोटीने ओलांडावी लागत असल्याने हरमल बराच काळ आडवाटेला राहिले, आणि नेमके तेच या प्रवाशांना हवे होते. समुद्राला खेटून असलेले गोड्या पाण्याचे तळे, त्याच्या वरच्या अंगाला झाडीतून येणारा ओहोळ आणि अंगाला फासायची पिवळसर माती यांसाठी महिनोन्महिने राहणाऱ्या या पाहुण्यांना हॉटेल परवडणारे नव्हते आणि नकोही होते.

अशा वेळी घरातील एक खोली रिकामी करून भाड्याने देणे हा मच्छीमार कुटुंबांचा पहिला धंदा ठरला. त्यासाठी नवे बांधकाम लागत नव्हते, कर्ज लागत नव्हते. जाळी ठेवायची खोली झाडून घेतली, विहिरीचे पाणी दिले आणि मागितली तर शितकडी वाढली, एवढ्यावर हंगाम निघत असे. मासे पकडणारी होडी सकाळी जाळे टाकून आल्यावर दुपारी पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला नेऊ लागली. जुना धंदा सोडून नवा धरण्याची ही रीत नव्हती. जुन्याच्याच साधनांना दुसरा उपयोग जोडला जात होता, आणि त्यामुळे पाहुणे आले नाहीत तरी खोली घराचीच राहत होती व होडीही मासेमारीची.

पुढे याच खोल्यांच्या समोर, वाळूत, शॅक आले. शॅक म्हणजे बांबू, पोफळीचे वासे आणि माडाच्या विणलेल्या झावळ्या यांचे हंगामी उपाहारगृह, जे पर्यटन खात्याच्या परवान्याने ऑक्टोबरच्या सुमारास उभारले जाते आणि मे अखेरीस उतरवले जाते. उतरवतानाचे काम पाहिले तर रापणीची आठवण होते : झावळ्या सोडवायच्या, वासे एकावर एक रचायचे, टेबले-खुर्च्या मोजून आत न्यायच्या आणि पुढच्या हंगामी उपयोगी पडेल ते पावसापासून झाकून ठेवायचे. किनारपट्टी नियमन अधिसूचना १९९१ मध्ये लागू झाल्यानंतर भरतीरेषेलगत पक्के बांधकाम करण्यावर निर्बंध आले. त्यामुळे तात्पुरते असणे हाच शॅकच्या कायदेशीर अस्तित्वाचा आधार बनला.

येथे या परिसराच्या इतिहासात एक नवा घटक आला, तो म्हणजे परवाना. रापणीचा वाटा हजेरीने मिळत होता आणि खोलीचे भाडे घराच्या मालकीने. शॅक मात्र अर्ज, शुल्क आणि सोडत, म्हणजे चिठ्ठ्या काढून केलेली निवड, यांवर अवलंबून राहिला. सरकारी धोरणात शॅक हा स्थानिक बेरोजगारांसाठीचा स्वयंरोजगार मानला गेला; परंतु ज्याच्या नावावर परवाना त्याच्याच हातात धंदा राहील याची खात्री नव्हती, आणि परवाना दुसऱ्याला चालवायला देऊन घरबसल्या रक्कम घेण्याचा मोह धोरणकर्त्यांना वारंवार नियम बदलायला लावत राहिला. तात्पुरत्याच्या जागी पक्के उभारण्याचा मोहही तितकाच जुना आहे. हरमलच्या गिरकरवाड्यावरील व्यावसायिक बांधकामांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला, तेव्हा छोट्या खोलीपासून बहुमजली इमारतीपर्यंतचा हा प्रवास परवान्याच्या कसोटीवर तपासला गेला. खोलीला माडी आणि माडीला तिसरा मजला चढताना कर्जही चढत गेले, हे या प्रवासातले अंग कायद्याच्या चर्चेत सहसा येत नाही.

न उघडलेला हंगाम

डिचोली तालुक्याची कथा खाणीची आहे आणि ती हरमलच्या कथेला आरशासारखी समोर धरता येते. शिरगाव, मये, मुळगाव, लामगाव, पिळगाव या गावांच्या परिसरातील लोहखनिज ट्रकांतून नदीकाठच्या धक्क्यावर, तेथून बार्जमध्ये म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींत आणि पुढे मुरगाव बंदरात जात असे. पोर्तुगीज काळात दिलेल्या खाण-सवलती १९८७ च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे भाडेपट्टे झाले, आणि २००० नंतर चीनच्या मागणीमुळे निर्यात इतकी वाढली, की २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. या तेजीत असंख्य स्थानिकांनी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले. भातशेतीत खाणीचा गाळ उतरल्याने शेती सोडलेल्यांना ट्रक हाच मोबदला वाटला, आणि ट्रकाच्या मागोमाग गॅरेजे, टायरची दुकाने, चहाचे गाडे व खाणावळी उभ्या राहिल्या.

खाणकामालाही पावसाळा होताच. जून ते सप्टेंबर या काळात वाहतूक थंडावे आणि ऑक्टोबरमध्ये नवा हंगाम सुरू होई. म्हणून २०१२ चा आघात कोणत्या तिथीला झाला याला महत्त्व आहे. न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा बेकायदा खाणकामावरील अहवाल ७ सप्टेंबरला संसदेत मांडला गेला, १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा आदेश दिला. पावसाळ्यात उभे असलेले ट्रक दुरुस्त करून, टायर बदलून हंगामाची वाट पाहणाऱ्या मालकांसाठी तो हंगाम उघडलाच नाही. एप्रिल २०१४ च्या निकालाने वार्षिक २ कोटी टनांच्या मर्यादेत खाणकामाची वाट मोकळी केली. परंतु ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा थांबले. पुढे डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, तेव्हा पहिल्या बंदीला दहा वर्षे उलटून गेली होती.

हरमलच्या खोलीशी डिचोलीच्या ट्रकाची तुलना केली म्हणजे दोन प्रकारच्या छोट्या धंद्यांतील अंतर कळते. ट्रकमालक स्वतःला धंदेवाईक समजत असला, तरी त्याचे गिऱ्हाईक एकच होते, त्याचा माल एकच होता आणि रस्ताही खाणीपासून धक्क्यापर्यंतचा एकच. शिवाय खनिजासाठी बांधलेला टिप्पर घरात वापरता येत नाही, आणि सगळ्यांचे ट्रक एकाच वेळी विक्रीला निघाले की त्याला गिऱ्हाईकही मिळत नाही. सरकारने खाणबंदीग्रस्तांसाठी अर्थसाहाय्य आणि कर्जसवलतीच्या योजना आणल्या. त्यांनी बँकेचा तगादा काही प्रमाणात सैल झाला, पण उद्या काय करायचे या प्रश्नाचे उत्तर योजनेत नव्हते.

रिकामा वेळ आणि घरातील चूल

रोजगार बुडाल्यावर माणसाचे नेमके काय बुडते, याचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावी झाला. तेथील कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांच्या गटाने गावात केलेल्या निरीक्षणांचे पुस्तक १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. बेकारांकडे वेळ मुबलक असूनही वाचनालयातील पुस्तकांची मागणी घटली होती, आणि रस्त्याने चालणारे पुरुष बायकांपेक्षा संथ चालत होते व वारंवार थांबत होते, ही त्यांतील नोंद विशेष बोलकी आहे. बायकांची मजुरी गेली होती, पण स्वयंपाक, धुणे आणि मुले यांनी त्यांचा दिवस बांधलेला राहिला. पुरुषांच्या दिवसाला मात्र कसलाच आकार उरला नव्हता.

मराठी मुलखात याच गोष्टीचे दुसरे रूप मुंबईच्या गिरणगावाने पाहिले. पेडण्याच्या शेजारच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून गेलेले असंख्य कामगार तेथील खाणावळींत जेवत, आणि १९७०च्या दशकातील संपात मजुरी बंद झाल्यावरही खाणावळवाल्या बायकांनी उधारीवर डबे चालू ठेवले. या बायका सावकाराच्या कर्जात रुतलेल्या आहेत हे ओळखून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बँकेची लहान कर्जे त्यांच्यापर्यंत पोहोचवली. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या आणि गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या. त्यांच्या कार्याने दाखवून दिले ते असे, की खाणावळवाली ही नवउद्योजक नव्हती, तिचा धंदा पूर्वीपासून चालू होता, केवळ तो धंदा आहे असे कोणी मोजत नव्हते. १९८२ चा संप लांबला आणि हजारो गिरणी कामगारांची नोकरी कायमची गेली, तेव्हाही अनेक घरांत पहिली मिळकत आली ती पोळीभाजी, डबे आणि वडापावच्या गाडीतून, म्हणजे चुलीतून.

डिचोली आणि पेडण्यातही चूल हाच पुष्कळदा पहिला आधार ठरला असला, तरी तिला मर्यादा आहे. गावातील सगळीच घरे एकाच खाणीवर अवलंबून असतील, तर खाण बंद झाल्यावर डबा घेणारे गिऱ्हाईकही नाहीसे होते. चहाचा गाडा ट्रकड्रायव्हरांसाठी असेल, तर ट्रक थांबताच त्याचा बंब थंड होतो. छोट्या धंद्याचे गिऱ्हाईक बुडालेल्या उद्योगाच्या बाहेरचे असणे, ही त्यामुळे भांडवलापेक्षाही आधीची अट ठरते.

परतीची तारीख

किनाऱ्यावर हीच परीक्षा मार्च २०२० मध्ये आली. रशियन पर्यटकांवर विसंबलेल्या मोरजी-हरमल पट्ट्याने २०१४ अखेरीस रूबल घसरल्यावर रिकाम्या खाटांचा अनुभव घेतला होताच. परंतु २२ मार्चच्या जनता कर्फ्यूनंतर आलेल्या टाळेबंदीने हंगाम दोन महिने आधीच संपला आणि परदेशी पाहुण्यांचे विमान पुन्हा कधी उतरेल हे कोणालाच सांगता येईना. या काळात दोर ओढायला किनाऱ्यावर पुन्हा माणसे दिसली आणि पडीक मळ्यांना पुन्हा हात लागले, यात आश्चर्य नव्हते. ज्या घरांनी होडी विकली नव्हती आणि मळा मोडला नव्हता, त्यांना परतायला जागा होती. ज्यांनी भाड्याच्या उत्पन्नावर मजले चढवले होते किंवा परवान्याची जागा उंच बोलीने चालवायला घेतली होती, त्यांची अवस्था डिचोलीच्या ट्रकमालकापेक्षा वेगळी नव्हती.

मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानांसाठी खुला झाल्यावर पेडण्यात टॅक्सी, खोल्या आणि उपाहारगृहे यांच्याकडे वळण्याचा ओघ वाढला आहे, आणि त्यासाठी कर्ज काढण्याचाही. या ओघाला जुन्या इतिहासाची मोजपट्टी लावायची, तर ती पुरुमेंताच्या टोपलीत सापडते. विकले नाही तर घरी उपयोगी पडेल का, गिऱ्हाईक एकाच दारातून येते की अनेक, आणि धंद्याचा परवाना उद्या नाकारला गेला तर साधन हाती राहील का, हे तीन प्रश्न म्हापशाच्या बाजारात मिरची घेऊन बसणाऱ्या बाईला कोणी विचारले नसतील. तिच्या हिशेबात त्यांची उत्तरे आधीच होती, कारण तिने जून महिना येणार हे धरूनच मार्चमध्ये मिरची वाळत घातली होती.